लेखांक ९ : लाजऱ्या मुलीनं नाटक घ्यावं का?

या आठवड्यात नाट्यशिक्षिका डोरोथी हेथकोट यांच्यावर लिहायचं ठरलं होतं. पण इंग्लंडमधल्या लेस्टरहून एका वाचक आईचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेववेना. जीसीएसई या तिथल्या शालेय परीक्षेचे विषय निवडायची वेळ आली आहे आणि त्यांच्या लेकीला नाटकच हवंय. मुलगी मात्र इतकी बुजरी, की वर्गात उत्तर द्यायला उभी राहिली तरी आवाज फुटत नाही. ‘मार्कांचं काय होणार?’ हा आईचा घोर.

जीसीएसईत नाटकाला ४० टक्के लेखी, ६० टक्के प्रात्यक्षिक ही विभागणी मागच्या लेखात सांगितली, त्यानं हा धसका बसला असणार. पण ६० टक्के प्रात्यक्षिक म्हणजे ६० टक्के अभिनय नव्हे.

एक्यूए या परीक्षा मंडळाचं उदाहरण घेऊ. मुलांनी गटानं मिळून स्वतः नाटक रचायचं, या भागाला ८० गुण. त्यातले प्रयोगाला फक्त २०. बाकीचे ६० प्रत्येकानं आपापल्या लिहायच्या तालीमवहीला! एडेक्सेल या दुसऱ्या मंडळातही प्रमाण तेच : वहीला ४५, प्रयोगाला १५.

मला ही विभागणी मनापासून पटते. आपल्या मराठी बालनाट्य स्पर्धांत परीक्षकांसमोर येतो तो तयार प्रयोग. तालमीत कुणाला काय सुचलं, काय टाकून दिलं, हे त्यांना कळायला मार्गच नसतो. जीसीएसईत नेमकं तेच तपासतात. विषय कशावरून सुचला, गटानं तो कसा फुलवला आणि शेवटी काय साधलं, काय फसलं, हे वहीत यावं लागतं. ‘आज आम्ही छान तालीम केली’ असल्या वाक्याला काही मिळत नाही. ‘आजी दार उघडते तेव्हा मी आधी धावत जात होते. आता दोन पावलांवर थांबते, कारण तिनं मला ओळखलंय की नाही, या शंकेत प्रेक्षकांना क्षणभर ठेवायचंय’ असं लिहिलं, की मुलगी नाटकाचा विचार करतेय हे दिसतं. बुजरी मुलं बारकाईनं बघत असतात. त्यांच्या वह्या वाचनीय असतात, असा माझा अनुभव आहे.

शिवाय रंगमंचावर गेलंच पाहिजे असंही नाही. प्रकाश, ध्वनी, नेपथ्य, वेशभूषा यांपैकी एक बाजू घेऊन परीक्षा देता येते. एक्यूएमध्ये तर बाहुल्याही. मात्र ही पळवाट समजू नका. प्रकाशयोजना घेतली तर कोणत्या वाक्याला कोणता दिवा, किती मंद आणि का, हे क्यूशीटवर मांडावं लागतं आणि प्रयोगात प्रत्यक्ष दिसावं लागतं. लेखी परीक्षेत स्वतः पाहिलेल्या एखाद्या प्रयोगावरही लिहायचं असतं, तेव्हा नाटकं पाहायला हवीतच.

तर ताई, मुलीला नाटक घेऊ द्या. फक्त शाळेत आधी दोन गोष्टी विचारा : मंडळ कोणतं, आणि पडद्यामागची बाजू घेणाऱ्या मुलांना तिथे कोण शिकवतं? सगळ्याच शाळांकडे पुरेसे दिवे नसतात, ते शिकवणारं माणूसही नसतं. तसं असेल तर निवड करण्याआधीच कळलेलं बरं.

हेथकोटबाई पुढच्या आठवड्यात.