भुईमुगाची जात, हवा व तेलाचा कस

गाव नमुना बाराच्या रकान्यात पिकाचे नाव व क्षेत्र यांची नोंद होते. जातीची होत नाही. महसुली दप्तरात सारी नोकरी गेल्यामुळे 'भुईमूग' हा शब्द आम्ही हजारो वेळा लिहिला, आणि भुईमूग तेवढा सारखाच अशी आमची समजूत होऊन बसली. ती चुकीची होती, हे निवृत्तीनंतर करकंब येथील घरची शेती पाहू लागल्यावर कळले.

गेल्या उन्हाळ्यात मजूर मिळाले म्हणून आम्ही निम्मे रान दहा दिवस आधीच उपटले. त्या शेंगांची चटणी महिन्याभरात खवट झाली. पुऱ्या पिकलेल्या शेंगांची चांगली टिकली. बी एक, जमीन एक. मग हा भेद का पडावा?

शेंगदाण्याच्या तेलात ओलिक व लिनोलिक ही दोन आम्ले मुख्य होत. पैकी लिनोलिक हवेच्या संसर्गाने लवकर बिघडते व तेलास खवटपणा येतो. दाणा जसजसा पक्व होतो तसतसे तेल वाढते, ओलिक चढते व लिनोलिक उतरते. हवेचाही असाच परिणाम आहे. दाणा भरताना उष्मा असल्यास ओलिक अधिक, थंडी असल्यास लिनोलिक अधिक. सबब एकाच बियाण्याचा खरिपाचा व उन्हाळ्याचा माल सारख्याच गुणाचा निघेल असे धरून चालू नये.

तथापि सर्वांत मोठा फरक जातीचा. सामान्य उपट्या जातींच्या तेलात ओलिक शेकडा ४० ते ४५ च्या सुमारास असते. अमेरिकेतील फ्लोरिडा येथे शेकडा ८० ओलिकचा वाण आढळल्याचे १९८७ साली प्रसिद्ध झाले. त्याच गुणाच्या 'गिरनार ४' व 'गिरनार ५' या जाती आपल्या देशात २०२० साली प्रसारित झाल्या. असा माल अधिक टिकतो. परंतु तो इतर शेंगांत मिसळला की त्याचे वैशिष्ट्य संपते. म्हणून बी, खळे व पोती निराळी ठेवावी. आपल्या रानास ती जात मानवेल की नाही, हे कृषी विद्यापीठास विचारून मगच पेरावी.

जमिनीचेही महत्त्व कमी नाही. शेंग आपला चुना मुळांवाटे न घेता भोवतालच्या मातीतून स्वतः शोषते. तो कमी पडल्यास शेंगा पोचट राहतात. जिप्समाने चुना व गंधक दोन्ही मिळतात. मात्र मातीची तपासणी करून ते घालावे.

आता हिशेब पाहू. १०० किलो पक्व शेंगांतून ७० किलो दाणे निघाले व त्यांत शेकडा ४८ तेल धरले, तर ३३.६ किलो होते. कच्च्या शेंगांतून ६० किलो दाणे व शेकडा ४२ तेल धरल्यास २५.२ किलोच. घाण्यात यांपैकी काही पेंडीत राहणारच, तरी ८.४ किलोंचा हा फरक शेतातच पडला, घाण्यावर नव्हे.

वाचकांस आमची विनंती एवढीच की, उपटण्यापूर्वी चार ठिकाणच्या शेंगा फोडून पाहाव्या. बहुतेकांच्या टरफलाची आतली बाजू काळसर झाली असेल तरच मजूर लावावे. आणि सरकारी रकान्यात जात नसली, तरी आपल्या घरच्या वहीत जात, पेरणीची तारीख व उतारा अवश्य टिपून ठेवावा.