कोटाआडचा कॅमेरा आणि समोरचा चेहरा

छायाचित्रकार वॉकर इव्हान्स म्हटलं की १९३६ सालच्या अलाबामातली कापूस पिकवणारी गरीब कुटुंबं आठवतात. मंदीच्या काळातल्या अमेरिकेची ओळख म्हणून ती छायाचित्रं जगभर पोहोचली. इव्हान्स यांच्या मनात मात्र आणखी एक प्रश्न घर करून होता. अनोळखी माणसाचा चेहरा, त्याने तो कुणासाठी सावरून घेतलेला नसताना, टिपायचा कसा? या प्रश्नामागे ते पस्तीस वर्षं चालत राहिले आणि अखेरीस झटपट फोटो देणाऱ्या कॅमेऱ्यापाशी येऊन पोहोचले.

सुरुवात १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत झाली. ३५ मिमीच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग त्यांनी काळे रंगवले. कॅमेरा कोटाआड दडवून भिंग गुंड्यांच्या फटीतून बाहेर काढलं, खटका दाबायची केबल बाहीतून तळहातापर्यंत आणली आणि ते समोरच्या बाकावरच्या प्रवाशांना टिपू लागले. कॅमेऱ्यातून बघण्याची सोय नव्हती, डब्यातला उजेड अपुरा होता. सगळी भिस्त अंदाजावर. अनेकदा सोबतीला हेलन लेव्हिट असायच्या, ज्यांनी पुढे न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरच्या छायाचित्रांनी स्वतःचं नाव केलं. १९४१ पर्यंत सहाशेहून अधिक निगेटिव्ह जमा झाल्या. पेंगुळलेले, विचारात हरवलेले, थकलेले ते चेहरे. त्यांतले ८९ ‘मेनी आर कॉल्ड’ या पुस्तकात आले, पण त्यासाठी १९६६ साल उजाडावं लागलं. न विचारता केलेल्या या घुसखोरीची धार काळाने बोथट व्हावी, असं इव्हान्स यांना वाटत होतं. त्या चेहऱ्यांचं देणं आपल्या डोक्यावर आहे, हे ते जाणून होते.

१९४६ मध्ये ‘फॉर्च्यून’ मासिकासाठी ते डेट्रॉइटच्या एका रस्त्याच्या कडेला उभे राहिले. या वेळी कॅमेरा लपवला नव्हता. कमरेच्या उंचीवर धरलेल्या रोलायफ्लेक्ससमोरून कामकरी माणसं जात होती. काहींचं लक्ष गेलं, काहींचं नाही. लपणं संपलं होतं, पण ओळख झाली नव्हती.

मग १९७३ मध्ये त्यांच्या हाती आला पोलरॉईड एसएक्स-७०. इव्हान्स सत्तरीला टेकले होते, तब्येत ढासळली होती, जड कॅमेरे पेलवत नव्हते. कंपनीने त्यांना फिल्म फुकट पुरवली. घडी घालून खिशात ठेवता येणारा हा कॅमेरा खटका दाबताच चौकोनी फोटो बाहेर ढकलत असे. बाहेर पडताना रोलरच्या दाबाने रसायन थरांमध्ये पसरे आणि काही मिनिटांत, भर उजेडात, चित्र उमटे. निगेटिव्ह नाही, प्रत्येक फोटो एकुलता एक. रंगीत छायाचित्रणाला १९६९ मध्ये ग्राम्य ठरवणाऱ्या या माणसाने वर्ष-दीड वर्षात अडीच हजारांहून अधिक रंगीत फोटो काढले. पाट्यांवरची अक्षरं, रस्त्यावर रंगवलेले बाण, पडकी घरं आणि चेहरे, अगदी जवळून. वीतभराहून थोड्या जास्त अंतरावरही हा कॅमेरा स्पष्ट चित्र देत असे. समोर बसणारे बरेचजण त्यांचे विद्यार्थी आणि स्नेही होते. एकाच माणसाचे ते लागोपाठ अनेक फोटो घेत.

ही चित्रं म्हणजे म्हातारपणाचा विरंगुळा नव्हे. भुयारी रेल्वेतल्या प्रवाशांना आपला फोटो निघाला हे कळलंच नाही. पोलरॉईडसमोर बसलेल्याचा चेहरा मात्र त्याच्याच डोळ्यांदेखत उमटू शकत होता. आपल्याकडून काय घेतलं गेलं, हे त्याला तिथल्या तिथे कळण्याची सोय होती. तरीही त्या चेहऱ्यांवर उसना आव दिसत नाही. इतक्या जवळून आणि इतक्या वेळा पाहिलं गेल्यावर माणूस हळूहळू सावरून बसायचं सोडून देतो.

१० एप्रिल १९७५ रोजी इव्हान्स गेले. त्यांचा संग्रह १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडे आला. आज प्रत्येकाच्या हातात फोन आहे आणि परक्या माणसाला नकळत टिपणं कधी नव्हे इतकं सोपं झालं आहे. म्हणूनच इव्हान्स यांच्या या प्रवासाची दिशा लक्षात ठेवावीशी वाटते. खरा चेहरा लपूनच मिळतो, या समजुतीने त्यांनी सुरुवात केली होती. समोर उभं राहून, त्या माणसाला ठाऊक असताना, तो अधिक सच्चेपणाने मिळतो, हे त्यांच्या अखेरच्या फोटोंमधले चेहरे सुचवतात.