फॅन्टसी संघात पहिला गोलंदाज कोण?
संभाजीनगरकर मंडळी, आयपीएलच्या फॅन्टसी संघासाठी गोलंदाजांची क्रमवारी लावताना नुसत्या विकेट मोजू नका. २०२४ ची पर्पल कॅप २४ विकेट घेणाऱ्या हर्षल पटेलला मिळाली. जसप्रीत बुमराच्या विकेट २०. पण हर्षलने षटकामागे साडेनऊहून जास्त धावा दिल्या, बुमराने साडेसहाहूनही कमी. माझ्या यादीत बुमराच पहिला. विकेटलाच जास्त गुण मिळतात, हा आक्षेप खरा आहे. मात्र शेवटच्या षटकांतल्या हाणामारीत उडालेले झेल पुढच्या मोसमातही मिळतीलच असं नाही. टप्प्यावरची हुकूमत टिकते. तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरने २०२३ मध्ये चेन्नईकडून पदार्पणातच ३ बळी घेतले. मराठवाड्याचा पोरगा, अभिमान वाटतोच! तरी एका सामन्यावर वरचा क्रम देता येत नाही; त्या चार षटकांत ३६ धावाही गेल्या होत्या.