दीड तासाच्या अंतरावरचा कट्टा

जुमेरा लेक टॉवर्समध्ये तुम्ही संध्याकाळी कधी तळ्याकाठी फेरी मारली आहे? ए ते झेड अशी २६ क्लस्टर, प्रत्येकात उंचच उंच टॉवर. लिफ्टमध्ये शेजारी भेटला तर आपण मान हलवतो, पण त्याचं नाव आपल्याला ठाऊक नसतं. अशाच एका बाकावर कानात इअरफोन घालून बसलेला सोळा वर्षांचा मुलगा एकदम ओरडतो, "दादा, मी नॉक झालोय, उठव मला!" शाळेत दिवसभर इंग्रजी बोलणारा हा मुलगा अस्सल मराठीत ओरडतोय. त्याचा दादा सांगलीत आहे. आणि हा मुलगा आमचाच आहे.

ही गोष्ट २०२० सालची. मार्चमध्ये भारताची आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबली आणि त्या वर्षी सुट्टीत गावी जाणं राहिलं. भावंडं भेटायची ती पबजी मोबाइलमधल्या इरँगल नावाच्या बेटावर. बेट आठ किलोमीटर लांब, तेवढंच रुंद. सांगलीत साडेनऊ, आपल्याकडे आठ.

सुरुवातीला मीही चिडायचो. फोनवर बोला की, असं सांगायचो. पण फोनवर काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे. "जेवलास का?" "हो." "अभ्यास?" "चाललाय." दोन मिनिटांत विषय संपतो आणि फोन आजीकडे जातो. खेळात मात्र हातांना काम असतं, समोर झोन जवळ येत असतो, आणि मधल्या रिकाम्या वेळात कुणाची सायकल चोरीला गेली, कोण कुणावर रागावलंय हे आपसूक निघतं. पारावर किंवा कट्ट्यावर गप्पा अशाच होतात. तिथे कुणी 'बोलायला' म्हणून जात नाही, नुसतं बसायला जातं.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ साली अशा जागांना 'तिसरी जागा' म्हटलं. घर पहिली, काम दुसरी, आणि चहाचं हॉटेल, केशकर्तनालय, कट्टा ही तिसरी. पुढे २००६ साली कॉन्स्टन्स स्टाइनक्युलर आणि दिमित्री विल्यम्स यांनी ऑनलाइन खेळांना हीच कसोटी लावली. बऱ्याच बाबतीत खेळ त्यात बसले. मात्र त्यांच्या मते इथे ओळखी भरपूर होतात, जिवाभावाचं नातं तितकं जुळत नाही. आपल्या पोरांचं याच्या उलट आहे. त्यांचं नातं आधीपासूनच आहे, त्यांना हवी आहे फक्त बसायला जागा.

ही जागा टिकते ती थोडी भौतिकशास्त्राच्या कृपेने. दुबई ते मुंबई सरळ अंतर सुमारे १,९०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन यायला १९ मिलिसेकंद. केबल सरळ रेषेत नसतात, वाटेत राउटर असतात, सर्व्हर भलतीकडेच असू शकतो, म्हणून प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. तरी तो बहुतेक वेळा डोळ्याच्या उघडझापीच्या आतबाहेरच राहतो. म्हणून 'उठव' म्हटल्यावर दादा उठवू शकतो.

आता ओळखीचं बघा. आमचा मुलगा पाहुण्यांसमोर मूग गिळून बसतो. बेटावर मात्र तोच चौघांचा म्होरक्या असायचा: "दादा, मागे लप. गाडी मी आणतो." 'दादा' सुटत नाही, पण हुकूम धाकट्याचा! स्टॅनफर्डमधल्या निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ साली यासारखंच काहीतरी मोजलं. आभासी जगात काहींना उंच शरीर दिलं, काहींना बुटकं, आणि पैशांची वाटणी करायला लावली. बुटक्या शरीरातल्या लोकांनी ७५-२५ अशी अन्यायाची वाटणी उंचांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मान्य केली. गंमत म्हणजे समोरच्याला ही उंची दिसतच नव्हती. बदल झाला तो स्वतःला बघून. याला 'प्रोटियस परिणाम' म्हणतात. अर्थात हा प्रयोगशाळेतला थोड्या वेळाचा खेळ होता. रोज दोन तास म्होरक्या राहणाऱ्या मुलात काय बदलतं, हे एवढ्यावरून सांगू नये. पण त्या वर्षी तो आत्याशी आपणहून फोनवर बोलायला लागला, एवढं मी पाहिलं.

मग २ सप्टेंबर २०२० ला भारतात ११८ ॲप्सवर बंदी आली. कारण होतं डेटाची सुरक्षा, आणि यादीत पबजी मोबाइलही होता. ३० ऑक्टोबरला तिथल्या खेळाडूंसाठी सर्व्हर बंद झाले. आखातातल्यांचा खेळ चालूच राहिला. २ जुलै २०२१ ला भारतासाठी वेगळी आवृत्ती आली, बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया. तेच बेट, तीच घरं, त्याच गाड्या. रक्त मात्र हिरवं, आणि १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीनच तास. ती फक्त भारतातल्यांसाठी होती. म्हणजे सांगलीचा दादा आणि दुबईचा धाकटा एकाच वेळी एकाच गावातल्या एकाच घरात उभे असले, तरी एकमेकांना दिसणार नव्हते. नकाशावर भिंत नाही, तरीही सरहद्द आहे. जुलै २०२२ मध्ये ती आवृत्तीही काढली गेली आणि मे २०२३ मध्ये परत आली.

आभासी जग 'जगभर पसरलेलं' असतं असं आपण सहज म्हणतो. पण तिथे शिरायचं दार कुठल्या ना कुठल्या देशात असतं.

आमच्याकडची भावंडं तोवर माइनक्राफ्टमध्ये गेली होती. चौकोनी ठोकळ्यांचं ते जग पाहून मी हसलो होतो. एका रात्री मुलाने मला स्क्रीनसमोर बसवलं. त्यांनी आजोबांचा जुना वाडा बांधला होता. सोपा, अंगण, विहीर, सगळं. विहीर चुकीच्या बाजूला होती. मी तसं सांगितल्यावर तिकडून दादाचा आवाज आला, "काका, थांबा, आत्ता हलवतो. बाबांना पण विचारतो, गोठा कुठे होता ते."