क्राय प्रथिन

क्राय प्रथिन : बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जमिनीत आढळणाऱ्या सूक्ष्मजंतूच्या पेशीत बीजुके तयार होण्याच्या वेळी स्फटिकरूपाने साठणारे व विशिष्ट कीटकांच्या अळ्यांना मारक असणारे प्रथिन. स्फटिकासाठी असलेल्या ‘क्रिस्टल’ या शब्दावरून त्यास क्राय हे नाव पडले. सूक्ष्मजंतूच्या नावाच्या आद्याक्षरांवरून व्यवहारात त्यास बीटी प्रथिन असेही म्हणतात. क्राय प्रथिनांचे अनेक प्रकार ज्ञात असून भारतात त्यांपैकी क्राय-१एसी हे सर्वांत परिचित आहे. जालना येथील एका बियाणे कंपनीच्या प्रयत्नांतून ते कापसाच्या झाडात आले आणि मराठवाडा व विदर्भातील शेतीव्यवहारात त्याने मोठा पालट घडवून आणला.

जपानी शास्त्रज्ञ इशिवाता यांना १९०१ मध्ये रेशमाच्या किड्यांना होणाऱ्या एका आकस्मिक रोगाचे कारण शोधताना हा सूक्ष्मजंतू आढळला. एर्न्स्ट बेर्लिनर यांना १९११ मध्ये जर्मनीतील थुरिंजिया प्रांतात पिठातील पतंगाच्या मेलेल्या अळ्यांत तो पुन्हा मिळाला. प्रांताच्या नावावरून त्यांनी त्यास १९१५ मध्ये नाव दिले. पेशीतील स्फटिक प्रथिनमय असून तोच विषारी आहे, हे १९५० नंतरच्या दशकात सिद्ध झाले.

अळीने स्फटिक गिळल्यावर तिच्या मध्यांत्रातील तीव्र क्षारधर्मी द्रवात तो विरघळतो. सुमारे १३० किलोडाल्टन रेणुभाराचे मूळ प्रथिन तेथील पाचक एंझाइमांमुळे तुटते व सुमारे ६० ते ६५ किलोडाल्टनचा क्रियाशील भाग मोकळा होतो. हा भाग आतड्याच्या अस्तरावरील ठराविक ग्राही रेणूंना चिकटतो, पेशीपटलात शिरतो आणि त्याला छिद्रे पाडतो. पेशी फुगून फुटतात, अळी खाणे थांबविते व काही दिवसांत मरते. मनुष्याच्या जठरातील द्रव अम्लधर्मी असतो आणि आतड्यात हे ग्राही रेणू नसतात, म्हणून तेथे ही क्रिया घडत नाही.

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात श्नेफ व हेलन व्हाइटली यांनी १९८१ मध्ये या प्रथिनाचे जनुक वेगळे काढून एश्चेरिकिया कोलाय या आतड्यातील सूक्ष्मजंतूत घातले. त्या परक्या पेशीत तयार झालेले प्रथिन अळ्यांना मारक ठरले. एका जीवाचे जनुक दुसऱ्याच्या डीएनएला जोडून मिळविलेल्या अशा प्रथिनास पुनःसंयोजित प्रथिन म्हणतात. मानवी इन्शुलीन सूक्ष्मजंतूत याच मार्गाने १९७८ मध्ये तयार झाले व १९८२ मध्ये औषध म्हणून विक्रीस आले. मानवी पेशीतील प्रतिलेखन घटक (जनुकाच्या आरंभीच्या भागास चिकटून त्याचे वाचन सुरू वा बंद करणारी प्रथिने) निसर्गतः इतक्या अल्प प्रमाणात असतात, की प्रयोगशाळेतील अभ्यासासाठी तीही बहुधा याच रीतीने बनवावी लागतात.

वनस्पतीत मात्र हे जनुक जसेच्या तसे घालून भागत नाही. सूक्ष्मजंतूच्या जनुकाचा प्रवर्तक (वाचनाचा आरंभ ठरविणारा भाग) वनस्पतीचे प्रतिलेखन घटक ओळखत नाहीत. म्हणून फुलकोबीवरील एका विषाणूचा ३५एस हा प्रवर्तक जनुकापुढे जोडण्यात आला. वनस्पतीचे घटक त्यास सहज चिकटतात व तो जवळजवळ सर्व ऊतकांत कार्य करतो. तरीही उत्पादन नगण्यच राहिले. जनुकातील ॲडेनीन व थायमीन यांच्या आधिक्यामुळे वनस्पतीची पेशी संदेश मध्येच तोडीत असे. प्रथिनाचा अर्थ कायम ठेवून जनुकाची अक्षरे वनस्पतीस रुचतील अशी बदलल्यावर उत्पादन शंभरपटीपर्यंत वाढले. १९९० च्या सुमारास पर्लाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या या कामामुळेच बीटी कापूस व्यवहार्य झाला.

जालना येथे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी (महिको) स्थापन केली. तिच्यामागोमाग अनेक बीजकंपन्या उभ्या राहून जालना हे बियाण्यांचे प्रमुख केंद्र बनले. जिल्ह्यातील दावलवाडी येथे कंपनीचे संशोधन केंद्र आहे. मोन्सँटो या अमेरिकी कंपनीच्या कोकर-३१२ या वाणाचे क्राय-१एसी जनुकयुक्त अवघे १०० ग्रॅम बियाणे आणण्यास केंद्र शासनाने १९९५ मध्ये अनुमती दिली. भारतीय वाणांशी वारंवार संकर करून ते जनुक त्यांत उतरविण्यात आले. कर्नाटकात १९९८ मध्ये चाचणीच्या शेतांतील पीक आंदोलकांनी जाळले. गुजरातमध्ये २००१ साली विनापरवाना बीटी संकर वाण शेतकऱ्यांच्या शेतांतच उभे असल्याचे आढळले. शेवटी जनुक अभियांत्रिकी मान्यता समितीने २६ मार्च २००२ रोजी मेक-१२, मेक-१६२ व मेक-१८४ या तीन संकर वाणांस मान्यता दिली. क्राय-१एसी बरोबर क्राय-२एबी हे दुसरे प्रथिन असलेले वाण २००६ मध्ये आले. पुढील आठ-दहा वर्षांत देशातील कापसाचे नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटी संकर वाणांखाली गेले. [⟶ कापूस].

झाडात प्रथिन आहे एवढ्याने संरक्षण मिळत नाही. ते कोठे व किती आहे, यावर सारे अवलंबून असते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील केशव क्रांती व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत हे प्रथिन पानांत सर्वाधिक आणि बोंडाची साल, पात्यातील कळी व फुलाचा अंडाशय यांत सर्वांत कमी आढळले. म्हणजे अळी जेथे प्रवेश करते नेमके तेथेच ते कमी होते. अमेरिकन बोंडअळीसाठी ऊतकाच्या दर ग्रॅममागे सुमारे १·९ मायक्रोग्रॅम ही निर्णायक मात्रा ठरली व पेरणीनंतर सुमारे ११० दिवसांनी प्रमाण तिच्याखाली उतरत गेले. अशा कामासाठी सूक्ष्मजंतूत बनविलेले शुद्ध क्राय प्रथिन लागते. झाडातील प्रथिनाच्या मापनात ते तुलनेसाठी प्रमाण म्हणून वापरतात, तर अळ्यांच्या कृत्रिम खाद्यात वाढत्या मात्रेने मिसळून त्यांची सहनशक्ती ठरवितात. निरनिराळ्या जिल्ह्यांतील अळ्यांवर वर्षानुवर्षे हीच चाचणी घेतल्यास प्रतिकारशक्तीची वाढ शेतात नुकसान दिसण्यापूर्वी कळू शकते.

गुलाबी (शेंदरी) बोंडअळीच्या बाबतीत तसा इशारा मिळालाही. गुजरातच्या काही जिल्ह्यांत क्राय-१एसी निष्प्रभ झाल्याचे २०१० मध्ये कंपनीनेच जाहीर केले. २०१४-१५ च्या सुमारास तेथे दोन प्रथिनांचा कापूसही या अळीपुढे टिकेना. २०१७ च्या हंगामात मराठवाडा व विदर्भात तिने अतोनात नुकसान केले. यामागे काही कारणे विशेष आपल्याकडची आहेत. भारतात बीटी जनुक संकर वाणांतूनच देण्यात आले. संकर झाडात जनुकाची एकच प्रत असल्याने त्याच्या बोंडातील सुमारे एक-चतुर्थांश सरकी क्राय-१एसीविरहित निघते. सरकी हेच गुलाबी बोंडअळीचे खाद्य असल्याने तिला एकाच बोंडात विषयुक्त व विषरहित दाणे मिळतात आणि अपुऱ्या मात्रेवर अळ्या जगतात. प्रतिकारशक्ती वाढण्यास यामुळे हातभार लागला, असे अनेक तज्ञांचे मत आहे. शिवाय ओलिताच्या आशेवर कापूस जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत राखण्याच्या फरदडीच्या प्रथेने अळीस आणखी पिढ्या काढता येतात.

प्रतिकारक पतंगांना शेजारच्या संवेदनक्षम पतंगांशी समागमाची संधी मिळून दोष संततीत दडलेला राहावा, म्हणून बीटीच्या ४५० ग्रॅम पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या कापसाचे बियाणे देऊन ते शेताभोवती पेरण्याची अट होती. ती बहुतांशी कागदावरच राहिली. चार-पाच एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याने शेताचा पाचवा हिस्सा अळीसाठी राखावा, ही अपेक्षाच अवास्तव होती. अमेरिकेत बीटी कापूस व नपुंसक पतंगांचे प्रसारण यांच्या एकत्रित वापराने कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे निर्मूलन झाल्याचे २०१८ मध्ये घोषित करण्यात आले. तेच प्रथिन, तीच अळी. फरक लागवडीच्या पद्धतीत होता.

आरंभी या पाकिटाची किंमत सुमारे १,६०० रुपये असून तीत मोठा वाटा तंत्रज्ञानाच्या शुल्काचा होता. आंध्र प्रदेश शासनाने दाद मागितल्यावर २००६ मध्ये ती ७५० रुपयांपर्यंत खाली आली. केंद्राने २०१६ मध्ये दोन प्रथिनांच्या पाकिटाची किंमत ८०० व त्यातील शुल्क ४९ रुपये असे निश्चित केले. गुलाबी बोंडअळीसाठी आता फवारणी, कामगंध सापळे व वेळेवर वेचणी यांवरच भिस्त ठेवावी लागते. अमेरिकन बोंडअळीविरुद्ध मात्र या प्रथिनांचा उपयोग बराच टिकून आहे.

जालन्याच्याच कंपनीने क्राय-१एसीयुक्त वांगे तयार केले होते. मान्यता समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये त्यास अनुकूलता दर्शविली. परंतु जनसुनावण्यांनंतर ९ फेब्रुवारी २०१० रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी त्यास स्थगिती दिली. बांगलादेशाने २०१३ मध्ये त्याची लागवड मान्य केली.