गोधडीच्या कापडाचा कुर्ता शिवता येतो का? 'क्विल्टिंग कॉटन' म्हणजे नेमकं काय?

इन्स्टाग्राम किंवा युट्यूबवर शिवणकामाचे व्हिडिओ बघत असाल, तर 'क्विल्टिंग कॉटन' हा शब्द तुमच्या कानावर नक्की पडला असेल. छोटी फुलं, लिंबं, मांजरी, ख्रिसमसची झाडं छापलेलं, इस्त्री केल्यासारखं कडक दिसणारं सुती कापड. व्हिडिओतली अमेरिकन बाई पंधरा मिनिटांत त्याचा फ्रॉक शिवून मोकळी होते. आपल्यालाही वाटतं, एवढं सोपं आहे तर घरातलं मशीन बाहेर काढायला काय हरकत आहे?

पण याच कापडावरून शिवणकाम शिकवणाऱ्यांमध्ये दोन तट आहेत. काहींच्या मते नवख्या माणसाला याच्यासारखं दुसरं कापड नाही. काहींच्या मते ते रजईचं कापड आहे आणि त्याचे कपडे अंगावर खोक्यासारखे उभे राहतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. कोणता कपडा शिवायचा, यावर उत्तर बदलतं. हे न कळल्यामुळेच अनेकांचा पहिला कुर्ता कपाटात जातो आणि मशीनवर पुन्हा कव्हर चढतं.

क्विल्टिंग कॉटन म्हणजे काय?

क्विल्ट म्हणजे कापडाचे तुकडे जोडून, आत कापसाचा किंवा इतर कशाचा थर घालून, वरून टीप मारलेली रजई. आपल्या गोधडीची लांबची बहीण म्हणा. त्यासाठी वापरलं जाणारं कापड म्हणजे क्विल्टिंग कॉटन. ते पूर्ण सुती असतं, साध्या विणीचं असतं, म्हणजे एक धागा वर, एक खाली. मध्यम जाडीचं असतं. कापडाचं वजन एका चौरस मीटरला किती ग्रॅम यावर मोजतात. या कापडाचं वजन साधारण १४० ते १५० ग्रॅम भरतं. जीन्सचं कापड ३०० च्या पुढे जातं, तर मलमल १०० च्या बरीच खाली असते. पन्हा ४२ ते ४४ इंच, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच सुती कापडांएवढाच.

गंमत म्हणजे अमेरिकेत क्विल्टसाठी वेगळं कापड विकत आणायची पद्धत तशी अलीकडची. जुन्या क्विल्टमध्ये कपडे शिवून उरलेले तुकडे सर्रास वापरले जात. १९३० च्या दशकातल्या मंदीत तर पिठाच्या आणि जनावरांच्या खाद्याच्या सुती पोत्यांपासून बायकांनी फ्रॉक, शर्ट, ऍप्रन शिवले. हे लक्षात आल्यावर पोती बनवणाऱ्या कंपन्यांनी त्यांवर फुलाफुलांच्या नक्षी छापायला सुरुवात केली. कोणत्या नक्षीचं पोतं आणायचं, हे मग घरातली बाई सांगू लागली.

पुढे १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जुन्या क्विल्टचं प्रदर्शन भरलं. १९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली, तेव्हा जुन्या घरगुती कलांची लाट आली. क्विल्ट हा मोठा छंद झाला, त्याची स्वतंत्र दुकानं निघाली आणि त्या दुकानांतल्या कापडाला 'क्विल्टिंग कॉटन' हे नाव चिकटलं. म्हणजे 'हे कपड्यांचं कापडच नाही' हा आक्षेप इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

महाराष्ट्रात उलटा प्रवास आहे. इथे आधी लुगडं अंगावर वापरून होतं आणि मग त्याचे थर घालून, धावदोरा घालून गोधडी होते. शेकडो धुण्यांनी मऊ झालेलं कापड म्हणूनच गोधडी अंगाला लागते ती मायेने. कोरं क्विल्टिंग कॉटन याच्या अगदी दुसऱ्या टोकाला असतं. ताठ, आणि घडी घालाल तशी राहणारं.

नवख्यांना ते सोपं का जातं?

कारण ते हलत नाही. जॉर्जेट किंवा सॅटिन टेबलावर पसरलं की घसरतं. कात्री चालवताना खालचा थर एकीकडे, वरचा दुसरीकडे. रेयॉन हाताला छान लागतं, पण कापताना ताणलं जातं. मुंढ्याचा आकार कागदावर बरोबर असतो आणि कापडावर वाकडा होतो. सुरुवात करणारा माणूस दुकानात हात फिरवून मऊ कापड निवडतो, तिथेच बहुतेक वेळा गाडं फसतं.

क्विल्टिंग कॉटनचे दोन थर एकमेकांना धरून राहतात. खडूची खूण नीट उमटते. नखाने दाबली तरी घडी पडते. टीप चुकली तर उसवा. सुईची भोकं इस्त्रीने आणि पाण्याने बहुतेक बुजतात. शिकणाऱ्यासाठी ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची, कारण सुरुवातीला शिवण्याइतकंच उसवणंही असतं.

मग अडतं कुठे?

अडतं ते कापड 'पडतं' कसं यावर. एक सोपी चाचणी आहे. दुकानात कापडाचं एक टोक मुठीत धरून बाकीचं खाली सोडा. ते पाण्यासारखं सरळ खाली आलं, तर त्याचा घेर अंगाबरोबर वाहील. तंबूसारखं फाकून उभं राहिलं, तर कपड्यातही तसंच फाकेल. क्विल्टिंग कॉटन दुसऱ्या प्रकारात येतं.

म्हणून अंब्रेला घेर, सैल पलाझो, गळ्याशी सैल लाटा पडणारा टॉप, हे त्यात शोभत नाहीत. कमरेला भरपूर चुण्या घातल्या तर स्कर्ट फुगतो आणि माणूस आहे त्याहून रुंद दिसतो. मलमलीच्या स्कर्टला कमरेच्या अडीच-तीनपट कापड चालतं. इथे दीडपटीच्या आसपास थांबलेलं बरं.

ज्या कपड्याला स्वतःचा आकार लागतो, तिथे मात्र हे कापड चांगलं काम करतं. लहान मुलींचा फ्रॉक, झबलं, ऍप्रन, इलॅस्टिकचा पायजमा, कॉलरचा शर्ट, टक्स घातलेला ए-लाइन कुर्ता, बॉक्स प्लेटचा स्कर्ट. कॉलर तर यात इतकी ताठ बसते की नवख्यालाही हुरूप येतो.

पहिलाच प्रयत्न साडीच्या ब्लाउजवर मात्र करू नका, कापड कोणतंही असो. ब्लाउज छोटा दिसतो, पण मापात अर्ध्या इंचाची चूकही तो माफ करत नाही. शिवणक्लासमध्ये झबल्यापासून सुरुवात करतात, ती उगीच नाही.

आपल्याकडे हे कापड मिळतं का?

परदेशी ब्रँडचं ऑनलाइन मिळतं, पण महाग पडतं. पहिल्या कपड्यासाठी ते आणण्यात अर्थ नाही. त्याला सगळ्यात जवळचं म्हणजे आपलं कॅम्ब्रिक. वीण तीच, वजन सहसा थोडं कमी. म्हणजे शिवायला जवळजवळ तितकंच सोपं आणि अंगावर जास्त बरं. कुर्त्यासाठी तर कॅम्ब्रिकच उजवं म्हणावं लागेल. पॉपलिनही चालतं. ते जास्त घट्ट विणीचं आणि गुळगुळीत असतं.

कॅम्ब्रिक, पॉपलिन ही नावं ऐकून ते पूर्ण सुतीच असेल असं धरून चालू नका. बाजारात पॉलिएस्टर मिसळलेलंही मिळतं. काठाचे चार-पाच धागे काढून चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा. सुती धागा जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळतं आणि कडक मणी तयार होतो.

आणि मांजरपाट विसरू नका. पाश्चात्त्य शिवणकामात खऱ्या कापडाला कात्री लावण्याआधी स्वस्त, कोऱ्या सुती कापडाचा एक नमुना शिवून बघतात. आपल्याकडे त्या कामाला मांजरपाट उत्तम. गळा, खांदा, मुंढा जुळला की मगच छापील कापड काढायचं. या एका पायरीने जितका पैसा वाचतो, तितका दुसऱ्या कशानेही वाचत नाही.

धुतल्याशिवाय कात्री नको

कोऱ्या कापडाला खळ असते. दुकानात ताठ वाटणारं कापड मूळचंच ताठ आहे की खळीमुळे, हे धुतल्याशिवाय कळत नाही. शंका असेल तर आधी पाव मीटरच घ्या, दोनदा धुवा आणि मग मुठीची चाचणी करा.

दुसरं कारण आटण्याचं. सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटू शकतं, आणि लांबीच्या दिशेने सहसा जास्त. १०० सेंटीमीटर लांबीचा कुर्ता ४ टक्के आटला, तर ४ सेंटीमीटर गेले. ४५ सेंटीमीटरची बाही जवळजवळ २ सेंटीमीटरने आखूड. उंची एकवेळ चालून जाईल, पण छातीत घट्ट झालेला कुर्ता कुणाला तरी देऊन टाकावा लागतो. म्हणून कपडा पुढे जसा धुणार आहात तसंच कापड आधी धुवा. मशीनमध्ये धुणार असाल तर मशीनमध्येच.

क्विल्ट करणारे अनेकजण मात्र मुद्दाम कापड धूत नाहीत. त्यांना ताठपणा हवा असतो आणि नंतर आटून येणारा सुरकुतलेला पोत आवडतो. त्यांचे व्हिडिओ बघून हीच सवय कपड्यांसाठी उचलली, की घोटाळा होतो.

रंग जात असेल तर मिठाच्या पाण्यात भिजवा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. कापड रंगवताना मीठ उपयोगी पडतं, पण रंगवून झालेल्या कापडाचा सुटा रंग ते पक्का करत नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळं धुणं, हाच खात्रीचा उपाय.

उभा धागा आणि माया

धुऊन, इस्त्री करून झालं की कापड सरळ करा. काठाला छोटा काप देऊन आडवं टरकावलं, तर ते बरोबर आडव्या धाग्यावर फाटतं. मग काठावर काठ ठेवून घडी घाला. कुर्त्याची लांबी काठाला समांतर, म्हणजे उभ्या धाग्यावर आली पाहिजे. कापड वाचवायला पॅटर्न थोडा तिरका ठेवला, की दोन धुण्यांत बाजूची शिलाई पोटावर वळून येते. हे नंतर दुरुस्त होत नाही. नक्षी एकाच दिशेची असेल, तर सगळे भाग त्याच दिशेने ठेवा. पाठीवरच्या मांजरी डोक्यावर उभ्या दिसणं फक्त फोटोत गमतीचं असतं.

शिलाईच्या बाहेर सोडलेलं कापड म्हणजे माया. परदेशी पॅटर्नवरून शिवणाऱ्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. क्विल्टमध्ये माया पाव इंच असते. अमेरिकन कपड्यांच्या पॅटर्नमध्ये ती सहसा पाच-अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे दीड सेंटीमीटर असते आणि पॅटर्नमध्ये आधीच धरलेली असते. चुकून पाव इंचावर टीप मारली, तर प्रत्येक कडेला तीन-अष्टमांश इंच जास्त राहतं. दोन बाजूंच्या चार कडा मिळून कुर्ता दीड इंच सैल होतो आणि आपण मापाला दोष देतो. आपल्याकडच्या आकृत्यांमध्ये अनेकदा माया धरलेलीच नसते, ती वरून सोडायची असते. पॅटर्न कोणताही असो, आधी हे तपासा.

क्विल्टमध्ये कापडाच्या कडा आत बंद होतात, त्यामुळे त्या सुटत नाहीत. कपड्यात त्या उघड्या राहतात आणि प्रत्येक धुण्यात त्यांचे धागे निघतात. जवळच्या पिको-फॉलवाल्याकडून इंटरलॉक करून घेता येतं. घरीच करायचं असेल तर फ्रेंच शिलाई आहे. आधी कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींवर ठेवून ६ मिलिमीटरवर टीप मारायची, कडा कापून ३ मिलिमीटर ठेवायच्या, कापड उलटवून सुलट बाजू आत घ्यायच्या आणि १ सेंटीमीटरवर दुसरी टीप. कच्च्या कडा आत बंद. कडेला सहा अधिक दहा, म्हणजे दीड सेंटीमीटरहून किंचित जास्त माया लागते, हे कापतानाच धरा.

सुई १४ नंबरची, नवी. टीप साधारण अडीच मिलिमीटरची, म्हणजे इंचाला दहा टाके. पायजम्याच्या आसनाला दुहेरी टीप मारा, कारण बसताना-उठताना सगळा ताण तिथेच येतो आणि हे कापड ताणलं जात नाही. त्याच कारणाने कुर्त्याला छातीच्या मापात तीन-चार इंच सैलपणा ठेवा आणि बाजूला चिरा द्या. टी-शर्टच्या मापावरून कुर्ता बेतला, तर डोक्यातून घालतानाच अडकेल.

उरलेल्या तुकड्यांची गोधडी करायची असेल, तर धुतलेले आणि कोरे तुकडे एकत्र जोडू नका. पहिल्याच धुण्यात कोरे तुकडे आटतात आणि त्यांच्या कडेने सगळी गोधडी आकसते.