थेंबाचं माप पोलादात

रावेर-यावलपासून शिरपूरपर्यंतच्या केळीबागांत ठिबकच्या नळीवरचं पहिलं झाड तासाला ४ लिटर पाणी पीत असेल, तर शेवटच्यालाही जवळपास तेवढंच मिळायला हवं. ही जबाबदारी ड्रिपरची. त्याच्या पोटात साधारण मिलिमीटरभर रुंदीची नागमोडी वाट असते. वळणावळणावर आपटून पाण्याचा दाब उतरतो आणि थेंब बाहेर पडतो.

भवरलाल जैन यांनी १९८० मध्ये जळगावात पीव्हीसी पाइपांचं उत्पादन सुरू केलं, पुढे त्यांची कंपनी ठिबककडे वळली आणि शहराची ओळखच बदलली. या उद्योगाचं कौतुक होतं ते पाण्याच्या बचतीसाठी. ड्रिपरला आकार देणाऱ्या पोलादी साच्याकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही.

साच्यातले बारीक कोपरे बहुधा स्पार्क मशीनवर कोरतात. विजेच्या ठिणग्यांनी पोलाद झिजतं, पण मागे सूक्ष्म खड्डे आणि कडक, ठिसूळ थर उरतो. तो काढायला आधी तेलात भिजवलेला घासदगड, मग ३२०, ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर. आरशासारखी चकाकी हवी असेल तर त्यानंतर डायमंड पेस्ट: १५ मायक्रॉन, ६, शेवटी ३. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतलं की या कामाची बारकाई कळते. प्रत्येक टप्प्याला घासण्याची दिशा बदलतात. आधीचे ओरखडे पूर्ण गेले की नाही, ते त्यामुळेच दिसतं. दोन टप्प्यांमध्ये साचा आणि हात स्वच्छ धुवावेच लागतात. आधीच्या पेस्टचा एक जाड कण राहिला, तरी नवा ओरखडा उमटतो आणि मागच्या नंबरवर परतावं लागतं.

पण चकाकी म्हणजे दर्जा नव्हे. पेस्ट घासायच्या फेल्टवर जास्त जोर लावला, तर पोलाद संत्र्याच्या सालीसारखं खडबडीत होतं आणि धारदार कडा गोल होतात. वाटेच्या दातेरी भागात तर हे अजिबात चालत नाही, कारण पाण्याचा दाब उतरवणारी वळणं तीच. खरा कारागीर कुठे थांबायचं ते जाणतो.

पाइप ज्यातून दाबून काढतात, त्या डायची अडचण वेगळी. आत एक ओरखडा राहिला, तर त्याची रेघ पाइपभर उमटत जाते. शिवाय पीव्हीसी एखाद्या खाचेत अडकून जास्त तापलं, तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते आणि पोलाद गंजतं. म्हणून अशा डायना बऱ्याचदा क्रोमचा मुलामा देऊन गुळगुळीत करतात.

वापरून झिजलेला साचा पुन्हा पॉलिश करता येतो, पण दर वेळी थोडा धातू जातो. ड्रिपरमधली वाट तयार होते ती साच्यातल्या उंचवट्यामुळे. तो घासून बारीक झाला की वाटही अरुंद होते आणि पाणी कमी पडू लागतं. त्यामुळे पॉलिशनंतर पुन्हा माप घ्यावं लागतं आणि ते मर्यादेबाहेर गेलं, तर साच्याचा तो तुकडाच नवा बसवावा लागतो.